धाकटीचं वाक्य

डिक्शनरीबाईंसमोर माणसं जरा जपूनच बोलत. बाई रागीट नव्हत्या, चहाडखोर तर मुळीच नव्हत्या. पण बोलता बोलता कोणाच्या तोंडून एखादं नेटकं वाक्य निघून गेलं की बाईंचा हात पर्समध्ये जाई, चिठ्ठी बाहेर येई, आणि समोरचा माणूस पुढचं काही बोलायच्या आत ते वाक्य टिपून झालेलं असे. वर्षभराने ते छापून येई, तेही इंग्रजी भाषांतरासकट. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना स्वतःचं वाक्य 'ग्रम्बल' म्हणजे कुरकुर करणे या शब्दाखाली सापडलं होतं. ते आठ दिवस कुरकुरले, आणि नवव्या दिवशी कोशाच्या सहा प्रती घेऊन त्यांनी नातेवाइकांना वाटल्या.

हा कोश खिशात मावेल एवढा. परदेशी कामाला जाणारे वेल्डर, ड्रायव्हर, नर्स, स्वयंपाकी यांच्यासाठी काढलेला. प्रकाशकाचं ऑफिस म्हणजे पंक्चरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत मालक आणि पुस्तकांचे गठ्ठे, दुसरीत बाई आणि कॉम्प्युटरवर पानं लावणारी ऑपरेटर. खालून दिवसभर सोल्युशनचा वास वर येई आणि मधूनच ट्यूबमधली हवा सुटल्याचा आवाज. बाई तिथे एकतीस वर्षं नोकरीला होत्या. दर आवृत्तीला मालक म्हणत की आता पुस्तक कोण घेतंय, सगळं फोनवर मिळतं. आणि दर आवृत्ती संपे. त्याचं श्रेय बाई स्वतःकडे कधी घेत नसत, पण दुसऱ्या कोणाला घेऊही देत नसत.

बाईंचा नियम एकच होता. उदाहरणाचं वाक्य घडवायचं नाही, ऐकायचं. दुसऱ्या कोशांत गाय पांढरी असते आणि मुलगा हुशार असतो. असलं वाक्य जन्मात कोणी कोणाला बोललेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस परक्या मुलखात तापाने फणफणला असेल तर त्याने पांढऱ्या गाईचं काय करायचं? तेव्हा वाक्य खऱ्या माणसाच्या तोंडचं हवं, आणि ज्या शब्दाखाली ठेवायचं तिथे ते खरं उतरायला हवं. चिठ्ठीच्या पाठीवर तारीख, बोलणारा कोण, आणि बोलताना तो काय करत होता, एवढं लिहिलेलं असे. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, आणि डबे ऑफिसात मावेनात तसे घरभर.

घर दोघी बहिणींचं. बाई थोरल्या. त्यांनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. धाकटी शिवणकाम करणारी. रस्त्याकडच्या खोलीत तिचं दुकान होतं: दोन मशिनं, कापायचं काळं टेबल आणि एक उभा आरसा, ज्यात प्रत्येक गिऱ्हाईक आहे त्यापेक्षा जरा बारीक दिसे. धाकटीचा नवरा लवकर गेला. तेव्हा तीन वर्षांचा असलेला मुलगा दोघींनी मिळून वाढवला. लहानपणी गुबगुबीत म्हणून त्याचं नाव गब्बू पडलं, ते तो लिफ्ट दुरुस्त करणारा तिशीतला बाप्या झाला तरी सुटलं नाही. गब्बू सहा वर्षांपूर्वी परदेशी गेला. दुसऱ्या वर्षी एकदा येऊन गेला. त्यानंतर चार वर्षं तो "या वर्षी येतो" म्हणे आणि चार वर्षं ऐनवेळी काहीतरी निघे.

दोघी बहिणींना बोलण्याची हौस दांडगी. दात घासून होत नाहीत तोच सुरुवात, आणि दिवा मालवल्यावर शेवटचा शब्द कोणाचा यावर थोडा वाद. एकमेकींचं वाक्य मधेच तोडण्यात दोघींचा हातखंडा होता.

या आवृत्तीत मालकांनी एक नवा भाग घालायचं ठरवलं, जवळजवळच्या अर्थांच्या शब्दांचा. त्याला कारण एक नर्स. नोकरी मिळाल्यावर तिने परदेशातल्या दवाखान्याला पत्र लिहिलं की सोमवारी हजर होण्याची मी 'होप', म्हणजे आशा, करते. तिकीट हातात होतं, बॅग भरून दाराशी होती. केवळ नम्रपणा दिसावा म्हणून तिने हा शब्द घातला. दवाखान्याला वाटलं हिचंच काही नक्की दिसत नाही, आणि त्यांनी दुसरीला बोलावलं. उलट एका ड्रायव्हरने साहेबाला लिहिलं की पंधरा दिवसांची सुट्टी मी 'एक्स्पेक्ट' करतो, म्हणजे मिळणारच असं धरून चालतो. साहेब म्हणाला, हा मला हुकूम सोडतोय की काय. दोघांच्याही पिशवीत आपलाच कोश होता, हे मालकांच्या जिवाला फार लागलं.

बाईंना काम मनापासून आवडलं. आपल्याकडे 'वाट बघतोय' म्हटलं की भागतं. बसची वाट बघतो, निकालाची बघतो, दातवाल्या डॉक्टरकडे आपला नंबर लागायचीही बघतो; मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसतंच. पण पत्राला चेहरा नसतो. म्हणून बाईंनी प्रत्येक शब्दाची एकेक परीक्षा ठरवली आणि गावभर कान देऊन फिरू लागल्या. 'एक्स्पेक्ट'ला पुरावा हवा. बँकेचा वॉचमन म्हणाला, "साहेब नऊ पाचला येतील," आणि साहेब बावीस वर्षं नऊ पाचलाच येत होते, तेव्हा ते वाक्य पास झालं. 'अँटिसिपेट'ला नुसता अंदाज पुरत नाही, अंदाजाबरोबर हातही हलावे लागतात. ऑफिसाच्या जिन्याखालचा चहावाला वर मालकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला की कपात चहा ओतायला घेई आणि म्हणे, "आता उतरतीलच." 'फोरसी' पोस्टमास्तरांना दिला. जिन्यातला नळ फुटणार हे त्यांना दोन महिने आधी दिसलं होतं, आणि तो फुटला त्या दिवशी त्यांच्याइतकं आनंदी त्या इमारतीत कोणी नव्हतं. 'ड्रेड'साठी, म्हणजे धास्तीसाठी, दातवाल्याच्या बाकावर अर्ध्या तासात सात वाक्यं मिळाली. 'लुक फॉरवर्ड टू'ला दोन गोष्टी लागत: तारीख ठरलेली आणि मन खूश. ते वाक्य ऑपरेटरने दिलं. पुढच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं आणि त्यासाठी ती धाकटीकडे ड्रेस शिवून घेत होती.

'होप' तेवढा राहिला. त्याची परीक्षा अशी की मनात आहे, पण पुरावा नाही.

एका सकाळी धाकटी तोंडात टाचण्या धरून एका झग्याचा काठ दुमडत होती. टाचण्यांमधूनच म्हणाली, "या वर्षी गब्बू येईल बघ." बाईंचा हात सवयीने पर्समध्ये गेला. चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी लिहिलं: बहीण, तोंडात टाचण्या. ऑफिसात ती 'होप'च्या डब्यात टाकताना त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. चार वर्षांचा पुरावा समोर होता आणि तो सगळा उलट बाजूचा होता.

बाईंचं शब्दाच्या बाबतीत काही चुकलं नव्हतं. पण छापलेलं लोक वाचतात, आणि ज्यांच्याबद्दल छापलंय तेही वाचतात, ही साधी गोष्ट एवढ्या हुशार बाईच्या ध्यानात आली नाही.

सोमवारी संध्याकाळी ऑपरेटर ड्रेसचं माप द्यायला आली. पानं शुक्रवारी छापायला जायची होती. बाई आत चहा टाकत होत्या. ऑपरेटर हात पसरून आरशासमोर उभी, धाकटी टेप घेऊन तिच्याभोवती फिरतेय. ऑपरेटर काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. मावशी, या वेळी तुमचं वाक्य आलंय, गब्बूदादा येणार ते, असं तिने सांगून टाकलं. धाकटीला कोण आनंद झाला. पोस्टमास्तरांची आजवर अकरा वाक्यं आली होती आणि सख्ख्या बहिणीचं एकही नाही, हे तिच्या मनात सलत असे. तिने ते वाचून दाखवायला सांगितलं. पान ऑपरेटरच्या फोनवर होतंच. तिने इंग्रजी वाचलं, मराठी वाचलं, आणि उत्साहाच्या भरात वरचा अर्थही वाचला. होप: एखादी गोष्ट घडावी असं वाटणे, ती घडेल असं मानायला आधार असतोच असं नाही. त्याखाली बाईंनी शेरा दिला होता की खात्री असेल तेव्हा हा शब्द वापरू नये.

धाकटीने टेप गळ्यात टाकली आणि वहीत ऑपरेटरची कंबर लिहिली, बेचाळीस इंच. त्या मापात दोन ऑपरेटर आरामात मावल्या असत्या.

पोरगी गेल्यावर तिने बाईंना विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"कोशात सगळं मीच लिहिते," बाई म्हणाल्या. अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"गब्बू येईल याला आधार नाही म्हणून?"

आता आलं. पण बहिणीने जवळ बसून काहीतरी गोड बोलायच्या जागी त्या कोशकार म्हणूनच बोलल्या. "आधार असला तर दाखव. शब्द बदलते."

झालं. धाकटीने अबोला धरला. दुसऱ्या दिवशी घर इतकं शांत होतं की पोस्टमास्तर कोणी आजारी आहे का म्हणून विचारायला आले. त्यांना दोघींनी एकाच वेळी "नाही" म्हणून सांगितलं आणि पुन्हा तोंडं मिटली. सकाळचा चहा धाकटी रोजच्यासारखा बाईंच्या पुढ्यात ठेवी, साखरही नेमकी. चहावर राग काढणाऱ्यातली ती नव्हती. जे सांगायचं ते ती कापायच्या टेबलावर खडूने लिही: गॅस संपत आलाय, उद्या पाणी उशिरा येणार आहे. बाई वाचत आणि मान डोलावत, पण मान डोलावलेली बघायला धाकटी तिथे थांबत नसे. ऑफिसात ऑपरेटर तोंड पाडून बसे, कारण आपण काय केलं ते तिला कळलं होतं. आणि बाईंना, खरं सांगायचं तर, अन्न गोड लागत नव्हतं. बोलायला कोणी नाही म्हणून त्या एकदा भिंतीवरच्या घड्याळालाच 'उशीर झाला' म्हणाल्या.

बुधवारी धाकटीने टेबलावर मोठं वाक्य लिहिलं. 'काही माणसांना सगळे शब्द येतात पण घरातल्या माणसाच्या पोटातलं कळत नाही.' बाईंनी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले. आणि तशा भरल्या डोळ्यांनी त्यांनी खडू उचलून 'येतात'च्या पुढे एक स्वल्पविराम दिला. एकतीस वर्षांची सवय, हाताला कोण सांगणार? गुरुवारी सकाळी टेबल ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेलं होतं आणि त्यावर एक अक्षरही नव्हतं.

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुकानाच्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "धाकटे, एक आधार दाखव. एकच. मी आत्ता फोन करून पान बदलायला लावते."

धाकटीने मशीन थांबवलं. मग ती उठली आणि कापडाचे तागे ठेवायचं कपाट तिने उघडलं. खालच्या कप्प्यात चार पँट घडी करून ठेवलेल्या होत्या. तिने त्या एकेक करून टेबलावर मांडल्या.

"ही पहिल्या वर्षाची, बत्तीस. ही पुढची, तेहतीस. मग चौतीस." चौथी तिने उलगडून हातावर धरली. "ही या वर्षाची, छत्तीस. काजं व्हायचीत अजून."

"त्याचं माप तुला कोणी दिलं?"

"माप कोण देणार? फोनवर गाल दिसतात की. गालावरून मला कंबर कळते."

बाईंनी छत्तीसच्या पँटचा काठ चाचपून बघितला. दर वर्षी गब्बूच्या येण्याच्या दिवसांत धाकटी पंधरा दिवस नवं काम घेत नसे. त्या दिवसांत गिऱ्हाइकं नसतात, अशी बाईंची समजूत. गिऱ्हाइकं असायची, धाकटी त्यांना परत पाठवायची. हे सगळं त्यांच्या नाकासमोर चार वर्षं चाललं होतं आणि गावातल्या वॉचमनपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचं बोलणं टिपणाऱ्या बाईंना ते दिसलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण शब्दांचं वेड असं की लाजेच्या पाठोपाठ आनंदही झाला. त्या स्टुलावरून उठल्याच.

"अगं, हे 'होप' नाहीच मुळी. हे 'अँटिसिपेट' आहे." मग त्यांनी तिला चहावाला समजावून सांगितला, खुर्चीचा आवाज समजावला, आधी हलणारे हात समजावले. धाकटीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तो येईल का?"

"येण्याचं त्यात काही नाही. ते तुझ्या तयारीबद्दल आहे."

"मग तो शब्द माझ्या काय कामाचा, अक्का?"

बाईंनी चारही पँटच्या घड्या घालून दिल्या आणि त्या ऑफिसला गेल्या.

जिना चढताना त्यांनी ठरवलं की आता ज्याच्याकडे पुरावा आहे त्यालाच विचारायचं. गब्बूच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ साधून त्यांनी फोन लावला. गब्बू इंग्रजी शिकला तो मावशीच्या चिठ्ठ्या डब्यांत लावता लावता. त्याच्याशी या भाषेत बोललेलं चालत असे. तब्येत, जेवण वगैरे झाल्यावर बाई म्हणाल्या, "तू येतो येतो म्हणतोस ते एक्स्पेक्ट आहे की होप?"

पलीकडे एका लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं.

"खरं सांगू मावशी? होपसुद्धा नाही गं. नुसतं म्हणतो."

मग त्याने भडाभडा सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याला एका मोठ्या इमारतीचा मुख्य मिस्त्री केलं. एकोणीस लिफ्ट आणि जबाबदार माणूस तो एकटा. महिनाभर गावाला गेला तर त्याच्या जागी दुसरा येणार, आणि एकदा आलेला दुसरा कुठे जातो? सुट्टी म्हणून मिळायची ती एखाद्या सकाळची किंवा दुपारची. पण आई फोनवर विचारी, आणि येतो म्हटलं की तिचा आवाज असा खुले की नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नसे. बाईंनी त्याला आज संध्याकाळी आईला हे सांगायला बजावलं. तो म्हणाला, मावशी तूच सांग, तुला नीट सांगता येतं.

"मला नीट सांगता आलं असतं तर घरात तीन दिवस अबोला कशाला झाला असता?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी सहाला फोन वाजला तेव्हा धाकटी छत्तीसच्या पँटची काजं करत होती. हात गुंतलेले म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बाई शेजारच्या खोलीत डबे लावायचं निमित्त करून बसल्या होत्या. गब्बू अडखळला. आधी हवेचं बोलला, मग जेवणाचं, मग एका अडकलेल्या लिफ्टची लांबलचक हकिगत सांगितली. शेवटी म्हणाला की आई, या वर्षी जमत नाही, आणि पुढच्या वर्षीही जमेलसं दिसत नाही, आणि हे मला दोन वर्षं ठाऊक आहे.

धाकटीची सुई थांबली नाही. "मलाही तेवढीच वर्षं झाली कळून," ती म्हणाली.

"मग तू दर वेळी का म्हणायचीस, या वर्षी येशील बघ म्हणून?"

"तू म्हणायचास ना. मी नाही म्हटलं असतं तर तुला केवढं वाईट वाटलं असतं."

पलीकडे गब्बू हसला की रडला ते कळलं नाही. बहुधा दोन्ही. बाईंच्या हातातून डबा निसटला आणि 'के'च्या चिठ्ठ्या खोलीभर झाल्या.

फोन ठेवल्यावर धाकटीने हाक मारली. "अक्का, ये बाहेर. डबे किती वेळ वाजवणार आहेस?"

सोमवारनंतरची ती पहिली हाक. बाई बाहेर आल्या आणि घाईघाईने म्हणाल्या की उद्या गेल्या गेल्या पहिलं काम ते वाक्य काढून टाकायचं. धाकटीने दोरा दाताने तोडला.

"शब्द बरोबरच आहे तुझा. मला काय कळत नव्हतं? पण ते घरातलं होतं, अक्का. तू ते दुकानात विकायला ठेवलंस."

"चुकले," बाई म्हणाल्या.

"चिठ्ठीवर लिहून ठेव. तारीख घाल. परत ऐकायला मिळेल न मिळेल."

मग दोघी हसल्या, आणि एकदा हसल्यावर तीन दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. पोस्टमास्तरांनी भिंतीवर दोनदा टकटक केलं. इतके दिवस शांततेची काळजी करणाऱ्या माणसाला आता आवाजाचा त्रास होत होता. त्या बोलण्यातच केव्हातरी धाकटी म्हणाली की ज्या इमारतीत एकोणीस लिफ्ट आहेत तिच्या मुख्य मिस्त्रीला आई आणि मावशीसाठी एक खोली मिळू नये? त्याला सुट्टी नाही, पण मला कोणी अडवलंय? मशिनं माझी, कुलूप माझं. बाई म्हणाल्या, आणि माझ्या कोशाचं काय? धाकटी म्हणाली, एकतीस वर्षांत साठलेली रजा काय कोशात छापणार आहेस?

शुक्रवारी 'होप'खालची जागा रिकामी झाली आणि मालकांचं डोकं फिरलं. छापखान्याची गाडी खाली उभी होती. बाई खऱ्या वाक्यावाचून पान सोडेनात. तेवढ्यात ऑपरेटर बेचाळीस इंचांचा ड्रेस पोटाशी धरून आली. धाकटीच्या दुकानातून परस्पर घेऊन आलेली. रडवेल्या आवाजात तिने विचारलं की लग्नाच्या आत हा माझ्या मापाचा होईल ना. बाईंचा हात पर्समध्ये गेला. आधी त्यांनी तिला विचारलं, छापू का? ती म्हणाली, छापा, पण माझं नाव नको. मालकांचा जीव भांड्यात पडला.

पुढचे तीन आठवडे ऑपरेटर रोज संध्याकाळी ड्रेस बारीक करून घ्यायला येई आणि तासभर बसून जाई. त्या तासात काय शिकवणी चाले ते बाईंना कोणी सांगितलं नाही. दोघींनी तिकडे जायचं ठरल्यापासून गब्बूचा तर दिवसाआड फोन. विमानतळाचं कुठलं दार, दाराबाहेर कुठला खांब, खांबाशी तो कुठल्या रंगाचा शर्ट घालून उभा असेल, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की दोघींना ते झोपेतही म्हणता आलं असतं. दोघी उतरणार त्या सकाळची सुट्टी त्याने लिहून घेतली होती आणि त्या कागदाचा फोटोही पाठवला होता. धाकटीने चारही पँट पोस्टमास्तरांना आणि त्यांच्या तीन पुतण्यांना देऊन टाकल्या. नेतेस काय मग, असं बाईंनी विचारल्यावर तिने गळ्यातली टेप दाखवली. तिथे मोजूनच शिवीन, म्हणाली.

परवानगीच्या कागदांसाठी दोघींना एका ऑफिसात बोलावलं होतं. लांब बाकं, भिंतीवर आकडे बदलणारा लाल दिव्यांचा फलक, आणि काचेपलीकडे कोणाकडेही मान वर करून न बघणारा एक अधिकारी. बाईंचं आधी झालं. मग धाकटी काचेपुढे गेली. ती पदराशी चाळा करत होती. अधिकाऱ्याने कागद चाळले आणि इंग्रजीत विचारलं की तिथे उतरल्यावर तुम्हाला घ्यायला कोणी येणार आहे का.

बाई भाषांतराला पुढे सरसावल्या. धाकटीने न बघता हात मागे करून त्यांना थांबवलं.

"येस," ती म्हणाली. "आय एक्स्पेक्ट माय सन."

अधिकाऱ्याने मान खाली घालून ते लिहून घेतलं. त्याच्या दृष्टीने दिवसभरातल्या शंभर उत्तरांपैकी ते एक होतं. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. सवयीने त्यांनी पुरावा तपासला. दार, खांब, शर्ट, सुट्टीचा कागद, सगळं जागेवर होतं. हात पर्समध्ये गेला आणि या वेळी चिठ्ठीच्या आधी रुमाल बाहेर आला.

धाकटी वळली. बहिणीचा चेहरा बघून ती घाबरली. "चुकलं का काही?"

"नाही," बाई नाक पुसत म्हणाल्या. "पुरावा आहे. बरोबर आहे तुझा शब्द."

फलकावर पुढचा आकडा लागला, तेव्हा दोघी बाजूला झाल्या.